अक्काच्या गावी, बसने आणि रेल्वेने

परदेशप्रवास म्हटला की विमान, हॉटेल आणि गळ्यात कॅमेरा असे चित्र डोळ्यांपुढे येते. आमचा प्रवास तसा नव्हता. आम्ही दोघे नवरा-बायको. आमच्यातला एक एसटीत वाहक म्हणून निवृत्त झालेला आणि दुसरी अंगणवाडीत आयुष्य घालवलेली. आम्ही कोलंबो शहर पाहिले ते तिथल्या लोकलमधून आणि बसमधून, खांबाला धरून, धक्के खात. त्या प्रवासात जे पाहिले ते सांगावेच, पण जे ऐकवावे लागले तेही सांगावे, म्हणून हा लेख.

सुरुवात सांचीला झाली. काही वर्षांपूर्वी आम्ही विहारातल्या मंडळींबरोबर सांचीच्या स्तूपाला गेलो होतो. तिथे पांढऱ्या साड्या नेसलेल्या श्रीलंकेच्या उपासिका भेटल्या. त्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने आमच्या ताईच्या हातातली पाण्याची बाटली पाहून पाणी मागितले आणि ओळख झाली. आम्ही त्यांना काय म्हणावे असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अक्का म्हणा." आम्ही चकित झालो. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. त्यांचे यजमान रेल्वेत कारकून होते. त्यांना आम्ही 'अय्या' म्हणू लागलो. अय्या म्हणजे थोरला भाऊ. पुढे फोन होत राहिले, आणि 2023 सालच्या 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही पंधरा दिवसांनी कोलंबोला निघालो. मुंबईहून विमानाला फार तर अडीच-तीन तास लागतात. आमच्या गावाहून एसटीने मुंबईला यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

अक्कांचे घर देहिवळ्याला, समुद्राच्या बाजूला. पहिल्याच सकाळी अय्यांनी बजावले, "टॅक्सी नाही. शहर बघायचे तर लोकांबरोबर बघायचे." आमच्यातला वाहक खूश झाला.

देहिवळ्याहून फोर्ट स्टेशनकडे जाणारी गाडी समुद्राला इतकी खेटून धावते की लाटेचे तुषार खिडकीतून आत येतात. वेल्लवत्त, बंबलपिटिय, कोल्लुपिटिय अशी स्टेशने जातात. दारे उघडी, दारात लटकणारी तरुण मुले, डब्यातून शेंगदाणे आणि वडे विकणारे. सगळे आपल्या लोकलसारखे. देहिवळा स्टेशन सुटताना मात्र अय्या गप्प झाले. 24 जुलै 1996 रोजी याच स्टेशनात संध्याकाळी घरी परतणाऱ्या नोकरदारांच्या गाडीत बॉम्ब फुटले आणि साठाहून अधिक माणसे गेली. आम्हाला 11 जुलै 2006 ची मुंबईची लोकल आठवली. कामावरून घरी निघालेल्या माणसाचे कोणाशी काय वैर असते? मग वेल्लवत्त आले. अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "इथे तमिळ लोकांची वस्ती. 1983 च्या जुलैत आमच्याच लोकांनी यांची घरे जाळली. मी तेव्हा तरुण शिक्षिका होते. माझ्या वर्गातल्या दोन मुली परत शाळेत आल्याच नाहीत." 1983 पासून 2009 पर्यंत तिथे यादवी युद्ध चालले. बुद्धाचे नाव घेणाऱ्या देशात हे कसे झाले, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. अक्कांच्या चेहऱ्यावर तो आधीच होता.

फोर्ट स्टेशनातून बाहेर पडले की समोरच एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा पुतळा दिसतो. ते कर्नल हेन्री स्टील ऑलकॉट. अमेरिकेतून आलेल्या या गृहस्थाने 1880 साली श्रीलंकेत त्रिशरण-पंचशील घेतले आणि बौद्ध मुलांसाठी शाळा काढण्याच्या कामाला वाहून घेतले. याच ऑलकॉटनी मद्रासजवळ अस्पृश्यांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. तमिळ देशातले पंडित अयोथी दास 1898 साली त्यांच्याबरोबर कोलंबोला आले आणि सुमंगल महाथेरांकडून त्यांनी धम्मदीक्षा घेतली. बाबासाहेब तेव्हा सात वर्षांचे होते. आपल्या आधी आपल्यासारख्यांनीच चाललेली ही वाट आहे, हे आम्हाला त्या पुतळ्याच्या पायथ्याशी उभे राहून उमगले. आम्ही हात जोडले. बाजूचा केळीवाला आमच्याकडे बघत राहिला. तो रोज त्या पुतळ्याच्या सावलीत बसतो. त्याला त्यात नवल ते काय?

तिथून बसने कोटहेन भागात गेलो. बसचे थोडे सांगायला हवे. गाडी आपलीच, अशोक लेलँड. सरकारी बस लाल रंगाची. चालकाच्या डोक्यावर बुद्धमूर्ती, भोवती लुकलुकणारे दिवे, आणि कुठे कुठे शेजारी गणपतीसुद्धा. पाटीवर सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन लिप्या. पुढची आसने भिक्खूंसाठी आणि धर्मगुरूंसाठी राखीव. कंडक्टर दारात लटकून ओरडतो, "कोटुव, कोटुव!" म्हणजे फोर्ट, फोर्ट. आत घुसलेल्यांना तो सांगतो, "इस्सरहट यन्न." आमच्यातल्या वाहकाला भाषांतराची गरज पडली नाही. तीस वर्षे त्यानेही तेच म्हटले होते, "पुढे सरका, पुढे सरका." उतरायचे असेल तर "बहिन्न" म्हणायचे. सुट्या पैशांवरून वाद तिथेही होतो. एक म्हातारी उतरताना आमच्या वाहकाने सवयीने "सावकाश, आजी" म्हटले आणि बसमधला कंडक्टर वळून हसला. त्याने ओळखले असावे.

भाषेची गंमत रोजचीच. भाताला ते 'बत' म्हणतात. 'मम' म्हणजे मी. त्यामुळे अक्कांचा नातू "मम, मम" करत आला तेव्हा आमच्या ताईने त्याला जेवायला हवे असे समजून बिस्किट दिले. तो बिचारा "मी, मी" म्हणत होता, त्याला खेळात घ्या म्हणून. सकाळी पानात 'किरिबत' आले. किरि म्हणजे दूध, बत म्हणजे भात. नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्या. अक्का म्हणाल्या, सुजाताने दिलेल्या खिरीची ही आठवण. आपल्याकडेही वैशाख पौर्णिमेला विहारात खीर वाटतात. समुद्र मध्ये आहे, पण पातेले एकच आहे असे वाटले.

कोटहेनला दीपदुत्तमाराम नावाचे जुने विहार आहे. आपल्या वस्तीत, विहारावर, मिरवणुकीत, लग्नाच्या मांडवात आपण जो पंचरंगी धम्मध्वज लावतो, तो 1885 साली कोलंबोत तयार झाला आणि 28 एप्रिल 1885 रोजी, वैशाख पौर्णिमेला, इथे फडकला. मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर हे इथले. 1873 साली पानदुर येथे ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी झालेल्या जाहीर वादात त्यांनी धम्माची बाजू मांडली होती. आमच्यातल्या ताईने आयुष्यात किती धम्मध्वज शिवले असतील! निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, आणि शेवटी पाचही रंगांचा एकत्र पट्टा. तिने पिशवीतून आमच्या महिला मंडळाने शिवलेला छोटा ध्वज काढून बुद्धापुढे ठेवला. माहेरी ओटी न्यावी तसे.

दुसऱ्या दिवशी टाऊन हॉलला गेलो. पांढरी भव्य इमारत, समोर विहारमहादेवी बाग आणि बागेत मोठी बुद्धमूर्ती. 1950 च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध भ्रातृसंघाच्या पहिल्या परिषदेसाठी परमपूज्य बाबासाहेब श्रीलंकेला आले होते, माईसाहेबही बरोबर होत्या. कँडीला परिषद झाली, आणि कोलंबोच्या या टाऊन हॉलमधल्या सभेत बाबासाहेबांनी तिथल्या अस्पृश्यांना धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले आणि सिंहली बौद्धांनी त्यांना मायेने आपले करावे असे सांगितले. नागपूरच्या दीक्षेआधी सहा वर्षे! अक्कांना हे ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे अस्पृश्य? इथे?" त्याच वेळी रस्ता झाडणाऱ्या दोन बाया आमच्या बाजूने गेल्या. तमिळ बोलत होत्या. अक्का त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

इंग्रजांनी भारतातून तमिळ मजूर नेले, बरेचसे चहाच्या मळ्यांत आणि काही शहराच्या सफाईला. त्यांत आपल्यासारख्या दलित जातींचे पुष्कळ. 1948 च्या कायद्याने त्यांतले लाखो लोक नागरिकत्वाला मुकले. उरलेल्यांचा प्रश्न सुटायला 2003 साल उजाडले. बाबासाहेब 1950 साली ज्यांच्याविषयी बोलले, त्यांची नातवंडे अजून झाडू मारत असतील तर बोलणे कोणी ऐकले? मुंबईच्या रस्त्यांवर पहाटे झाडू घेऊन जाणाऱ्या आमच्या मावश्या आठवल्या. आम्ही त्या बायांना "वणक्कम" म्हटले. एकीने थांबून हसून उत्तर दिले.

रविवारी गाडीत मूळ गोष्ट घडली. अय्यांनी वर्तमानपत्र घेतले होते. त्यातले लग्नाच्या जाहिरातींचे पान अक्कांनी आमच्यापुढे धरले आणि बोट ठेवले. जाहिरातीमागून जाहिरात, आणि सुरुवातीलाच दोन इंग्रजी अक्षरे, जी आणि बी. "म्हणजे गोवि बौद्ध," अक्का म्हणाल्या. गोविगम म्हणजे शेतकरी, तिथली वरची जात. आम्हाला धक्काच बसला. बौद्धांमध्ये जात? अय्या म्हणाले, "लग्नात आहे. संघातसुद्धा आहे." मग त्यांनी सांगितले की 1753 साली सयामहून भिक्खू आणून श्रीलंकेत उपसंपदा पुन्हा सुरू झाली, तो सियाम निकाय. पुढे काही वर्षांतच त्याचे दार फक्त गोविगम मुलांसाठी राहिले. तेव्हा किनाऱ्यावरच्या दुसऱ्या जातींचे लोक ब्रह्मदेशाला गेले आणि तिथून उपसंपदा घेऊन आले. तो अमरपुर निकाय. तथागतांनी उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावे. ती गोष्ट सांगणारा संघच असा वागला!

अक्कांनी हे सारे का सांगितले ते पुढे कळले. त्यांची मुलगी एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिचे मन मोरटुव्याच्या एका मुलावर आहे. मुलगा सुतारकामाच्या कारखान्यात, निर्व्यसनी, बौद्ध. पण जातीने कराव, म्हणजे कोळ्यांपैकी. अक्का-अय्या तयार, पण अक्कांचे थोरले भाऊ अडून बसलेले. ते लग्नाला आले नाहीत तर निम्मे नातेवाईक येणार नाहीत. अक्का म्हणाल्या, "परवा पोयाच्या दिवशी आपण केलनियाला जाणार. दुपारी भावाकडेच जेवण आहे. तुम्ही त्याला सांगा. भारतातल्या बौद्धांमध्ये जात उरली नाही, तुमच्या बाबासाहेबांनी ती संपवली, हे तुमच्या तोंडून त्याला ऐकू दे."

आमच्यातला वाहक चटकन म्हणाला, "सांगू की!" आणि आमच्यातली ताई खिडकीबाहेर समुद्राकडे बघू लागली.

त्या रात्री आम्ही दोघे झोपलो नाही. कारण असे होते. वर्षापूर्वी आमच्या मुलासाठी एक स्थळ आले होते. मुलगी बी.एड. झालेली, घरात बुद्ध-आंबेडकरांच्या तसबिरी, वडील गिरणीत होते. बोलता बोलता आम्ही विचारले, "तुम्ही मूळचे कुठले? म्हणजे... आधीचे कोण?" वाचक हो, हा प्रश्न आपल्याला चांगलाच ठाऊक आहे. जात विचारायची नसते, म्हणून आपण 'आधीचे कोण' म्हणतो. ते आमच्या पोटजातीतले नव्हते. आम्ही "कळवतो" म्हणालो आणि कळवले नाही. मुलाला म्हटले, पत्रिका... छे, पत्रिका तर आपण बघत नाही. म्हटले, "मुलीची उंची कमी वाटते." हे खोटे आम्ही दोघांनी मिळून बोललो. पंचशीलातले चौथे शील आम्ही रोज सकाळी म्हणतो.

पोयाचा दिवस उजाडला. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि दारूची दुकाने बंद. डिसेंबरची पौर्णिमा संघमित्रा थेरींची, बोधिवृक्षाची फांदी घेऊन त्या लंकेत आल्या त्या आठवणीची. केलनियाची बस पांढऱ्या कपड्यांनी भरलेली, प्रत्येकाच्या हातात कमळे. धक्काबुक्की नाही असे नाही, पण फुले चिरडू नयेत म्हणून सगळ्यांनी हात उंच धरलेले. धान्याच्या राशीच्या आकाराचा तिथला पांढरा स्तूप, बोधिवृक्षाला पाणी घालायला लागलेली रांग, "साधु, साधु, साधु" चा गजर आणि भिंतींवर सोलियस मेंडिस यांनी काढलेली चित्रे. मन भरून आले.

पण तिथेच आवारात विभीषणाचे देवालयही आहे. अक्का फळांचे ताट घेऊन तिकडे वळल्या. आम्ही बाहेर थांबलो. अक्कांनी विचारले, "येत नाही?" आम्ही म्हटले, "अक्का, आमच्या बावीस प्रतिज्ञा आहेत. आम्ही देव सोडले." त्या थोड्या ओशाळल्या, म्हणाल्या, "मुलीच्या लग्नासाठी नवस बोलले होते." आम्हाला वाईट वाटले. देव सोडल्याचे आम्ही ताठ मानेने सांगितले, पण जात सोडली का? जे बाहेर दिसते ते सोडणे सोपे असते.

दुपारी भावाकडे पंगत बसली. भाऊ साधा माणूस, हाताने वाढत होता. अक्कांनी विषय काढला आणि आमच्याकडे पाहिले. आमच्यातला वाहक घसा खाकरत होता, तेवढ्यात ताई बोलली. तिचे मोडके हिंदी-इंग्रजी अय्या सिंहलीत सांगत होते. ती म्हणाली, "दादा, आमच्या बाबासाहेबांनी आम्हाला जात सोडून धम्म दिला. पण आम्ही दोघांनी गेल्या वर्षी एका चांगल्या मुलीला पोटजातीसाठी नाकारले, आणि मुलाला खोटे कारण सांगितले. तुम्हाला उपदेश करायचा आम्हाला हक्क नाही. एवढेच सांगते, त्या दिवसापासून वंदना म्हणताना चौथ्या शीलापाशी माझा आवाज अडकतो. तुमचा अडकू नये."

कोणी काही बोलले नाही. आमच्यातल्या वाहकाने मान खाली घातली, पण "खरे आहे" एवढे म्हटले. भाऊ उठून आत गेले. जरा वेळाने बाहेर आले ते दह्याचे मडके घेऊन. म्हशीचे दही आणि त्यावर ताडाचा पाक. आधी आमच्या पानात वाढले, मग भाचीच्या. "हो" म्हणाले नाहीत. "नाही"ही म्हणाले नाहीत. परतीच्या बसमध्ये अक्का आमच्या ताईचा हात धरून बसल्या होत्या. आम्हाला वाटले होते, आमची फजिती झाली. अक्का म्हणाल्या, "माझ्या भावाला आजवर सगळ्यांनी शिकवले. त्याच्यासारखी चूक केली असे कोणी सांगितले नव्हते."

घरी आल्यावर आम्ही पहिले काम केले ते मुलाला खरे सांगण्याचे. तो दोन दिवस बोलला नाही. मग त्या मुलीच्या वडिलांना फोन लावला. मुलीचे लग्न ठरले होते. आम्ही माफी मागितली. ते म्हणाले, "आम्हाला कारण तेव्हाच कळले होते. पण फोन केलात, बरे वाटले." फोन ठेवल्यावर आम्ही दोघे बराच वेळ तिथेच बसून राहिलो. चूक कबूल केली म्हणून गेलेले परत मिळते असे नाही. चांगली सून आम्ही गमावली आणि एका लेकीचा अपमान केला, तो पुसला जाणार नाही.

मार्चमध्ये अक्कांचा निरोप आला. लग्न झाले. भाऊ आले होते, उशिरा आले, पण आले.

आमच्या विहारात दरवर्षी वधू-वर परिचय मेळावा होतो. त्याच्या अर्जात 'पोटजात' असा एक रकाना असे. या वर्षीच्या बैठकीत आम्ही तो काढावा असे सुचवले. दोघे-तिघे म्हणाले, "लोक विचारतातच, मग लिहिलेले काय वाईट?" आम्ही आमची गोष्ट सांगितली. रकाना निघाला. लोक अजूनही 'आधीचे कोण' विचारतील, ते आम्ही जाणतो. पण निदान आपल्या विहाराच्या कागदावर तो प्रश्न छापलेला नसेल.

तुमच्या विहारातला अर्ज एकदा काढून बघा. आणि कोलंबोला गेलात तर टॅक्सी करू नका. बसने जा, लोक भेटतात.

जयभीम! नमो बुद्धाय!